समुद्रापर्यंत आजीही चालेल



डिसेंबर जवळ आला की सेलूच्या वस्त्यांमध्ये पिशव्या भरायला सुरुवात होते. मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. उभ्यानं रात्र काढून माणसं दादरला उतरतात, रांगेत तासन् तास थांबून अभिवादन करतात आणि पुस्तकांची पिशवी घेऊन परत येतात. पण या घरांत जाऊन विचारा, मागं कोण राहिलं? गुडघे धरलेली आजी. साखरेचा आजार असलेले बाबा. दिवस गेलेली सून. दम लागणारी मावशी. त्यांनी समुद्र पाहिला तो नातवाच्या मोबाइलवर.

त्यांना मागं ठेवणं चुकीचं नाही. ६ डिसेंबरची गर्दी अशा माणसांना झेपणारी नसते आणि तब्येत जपणं हेही कर्तव्यच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी ज्यांना जमतं त्यांनी जावंच, पण वर्षातून आणखी एकदा, गर्दी नसताना, सगळं घर घेऊन मुंबईला जावं. गाडीतून पळत पळत बघायला नव्हे, पायी फिरायला. समुद्रकाठच्या या शहरात बाबासाहेब शिकले, राहिले, त्यांनी शिकवलं, संस्था उभ्या केल्या. त्यातलं बरंच काही सावकाश चालत बघता येतं आणि समुद्राला तिकीट नाही.

अशा फिरण्याचा आमचा नियम एकच आहे. वेग ठरवायचा तो घरातल्या सगळ्यात थकलेल्या पायानं. तरण्या पोरानं पुढं पळून हाका मारायच्या नाहीत. आजी जिथं बसेल तिथं सगळे बसतील. हा नियम पाळला तर सगळं घर समुद्रापर्यंत पोचतं.

"आम्ही तर दिवसभर चालतोच की!"

वस्तीत चालण्याचा विषय काढला की बाया आम्हाला हसतात. कापूस वेचायला, निंदायला, पाण्याला, बाजाराला चालतोच की, आणखी कशाला चालायचं? त्यांचं खरं आहे. शेतात राबणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करण्यात अर्थ नाही. तिला हवी असते ती विश्रांती, पोटभर जेवण आणि वेळेवर तपासणी. तिच्यासाठी हे चालणं म्हणजे डोक्यावर ओझं नसलेलं, कुणाच्या हुकमाचं नसलेलं, घरच्या माणसांसोबतचं चालणं. मनाला त्याचीही गरज असते.

पण वस्तीतलं काम बदललं आहे. शिलाई मशीनवर बसणाऱ्या मुली, ऑटो चालवणारी पोरं, दुकानात आणि कार्यालयात बसणारी माणसं आता थोडीथोडकी नाहीत. त्यांचं अंग दिवसभर हलत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणं. लेकरांना आणि शाळकरी मुलांना रोज साधारण एक तास खेळणं-पळणं हवं. एवढ्यानं रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, झोप लागते, गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट होतात.

चालण्याची ही शिकवण आपल्या घरातलीच आहे. तथागतांनी आयुष्यभर पायी चारिका केली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे ध्यानपूर्वक येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत: माणूस लांबचा प्रवास झेपणारा होतो, प्रयत्नाला झेपणारा होतो, आजार कमी होतात, खाल्लेलं-प्यालेलं नीट पचतं आणि मिळवलेली एकाग्रता टिकून राहते. यातला आजाराचा आणि पचनाचा लाभ आजचा कुठलाही डॉक्टर मान्य करील.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

ठरवलं आणि निघालं, असं करू नका. पंधरा दिवस आधी घरातल्या सगळ्यांनी संध्याकाळी चालायला सुरुवात करा. पहिले तीन दिवस दहा मिनिटं, मग दर तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. पंधरवड्यात अर्ध्या तासावर याल. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग कमी करा. सपाट रस्त्यावर छाती आवळल्यासारखी झाली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, थोडं चालताच पोटऱ्या धरल्या आणि थांबल्यावर सुटल्या, तर प्रवासाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकानं सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. गोळ्या चालू असतील तर प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि डॉक्टरांचा कागद सोबत ठेवा. प्रवासात दगदग नको म्हणून गोळी बंद ठेवणारी माणसं आम्ही नेहमी बघतो. तसं करू नका. रक्तदाबाच्या गोळीला सुट्टी नसते.

नवी चप्पल किंवा नवे बूट घालून जाऊ नका, फोड येतात. पायाला बसलेली, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट आणि सुती मोजे बरे.

जेवण घरूनच न्या, म्हणजे पैसेही वाचतात आणि पोटही बिघडत नाही. धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले फुटाणे दीड-दोन दिवस सहज टिकतात. साखरेच्या रुग्णांना गुळाची दशमी देऊ नका, धपाटे द्या. भात-भाजी बांधून नेली तर ती पहिल्या जेवणातच संपवा.

रोज बुडतो ही खरी अडचण आहे. म्हणून जाताना रात्रीची गाडी, येताना रात्रीची गाडी आणि मधे एक पूर्ण दिवस असा बेत करा. एका दिवसात दोनच वाटा चाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये मुंबईचा उष्मा सेलूपेक्षा वेगळा असतो. आपल्याकडे कोरडं ऊन, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. त्यामुळे तापमान कमी दिसलं तरी जीव जास्त घाबरतो.

पहिली वाट: दादर पूर्व, राजगृह आणि पाच उद्यानं

गाडी दादरला थांबते का हे तिकीट काढतानाच विचारा. रात्रभर बसून पाय सुजलेले असतात. उतरल्याबरोबर चालू लागू नका. स्थानकावरच अर्धा तास थांबा, तोंड धुवा, चहा घ्या, गोळ्या घ्या, घोटे गोल फिरवा. स्थानकाचे जिने हीच गुडघेदुखीची पहिली परीक्षा असते. लिफ्ट किंवा सरकता जिना कुठं आहे ते विचारा. जिना चढावाच लागला तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि एक हात कठड्यावर.

पूर्वेला बाहेर पडून हिंदू कॉलनीत राजगृहापर्यंत सावकाश चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. रस्त्याच्या कडेला झाडं आहेत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी हे घर बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. माता रमाईंचं निधन २७ मे १९३५ रोजी याच घरात झालं. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वस्तू आणि छायाचित्रं बघायला मिळतात. उघडण्याची वेळ आधी विचारून घ्या. हे राहतं घर आहे, शेजारीही लोक राहतात. लेकरांना आवाज हळू ठेवायला सांगा.

तिथून पुढं माटुंग्याच्या बाजूला पाच उद्यानं आहेत. लेकरांना इथं मोकळं सोडा. सकाळपासून त्यांनी धीर धरलेला असतो. चार-पाच वर्षांचं लेकरू अर्धा तास चाललं की त्याला दहा मिनिटं बसायला किंवा खेळायला हवं. रडायला लागल्यावर थांबण्यापेक्षा आधीच थांबा. दुपारी बारा ते तीन चालायचं नाही. सावलीत जेवायचं, आजीनं पाय वर घेऊन पडायचं.

दुसरी वाट: चैत्यभूमी, चौपाटी आणि शिवाजी पार्क

चारच्या पुढं दादर पश्चिमेला या. रानडे रोडनं शिवाजी पार्क आणि तिथून समुद्राच्या बाजूला चैत्यभूमी. स्थानकापासून हे अंतर दोन किलोमीटरच्या आसपास आहे. तरण्याला अर्धा तास, आजीला थांबत थांबत एक तास. रस्ता गर्दीचा आहे. म्हणून एक मोठं माणूस पुढं, एक मागं आणि लेकरं मधे. आजीचे पाय अगदीच धरले तर टॅक्सी करा, लाज कशाची? चौपाटीवरचं चालणं तिच्यासाठी राखून ठेवा.

७ डिसेंबर १९५६ रोजी इथंच लाखोंच्या साक्षीनं बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. पुढं लोकांच्या वर्गणीतून आणि कष्टातून स्तूप उभा राहिला आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये त्याचं लोकार्पण झालं. ६ डिसेंबरला रांगेत काही सेकंद मिळतात. साध्या दिवशी लेकरांना शेजारी बसवून अशोकस्तंभ काय, सांचीसारखं तोरण काय, हे सांगता येतं. आजीला डोळे मिटून पंचशील घेता येतं. कुणी मागून ढकलत नाही.

शेजारीच समुद्र. मग शिवाजी पार्क. मैदानाभोवती सलग कट्टा आहे आणि त्याला लागून चालायची वाट. एक फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते. घरातल्यांनी इथं दोन भाग करावेत. ज्यांना चालायचं त्यांनी फेरी मारावी, ज्यांना नाही त्यांनी कट्ट्यावर बसून बघावं. कुणी कुणासाठी अडत नाही.

तिसरी वाट: फोर्टच्या कमानींखालून

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंत साधारण दोन-सव्वादोन किलोमीटर आहे. घरच्यांना घेऊन चालायला ही वाट बरी, कारण दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जुन्या इमारतींना तळाशी कमानी आहेत आणि बराच रस्ता त्यांच्याखालून सावलीत चालता येतो. याच रस्त्यावर सिद्धार्थ महाविद्यालयाची आनंद भवन ही इमारत लागते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये हे महाविद्यालय सुरू केलं, ते गरिबांच्या आणि नोकरी करून शिकणाऱ्यांच्या पोरांसाठी. दहावी-बारावीच्या पोराला इथं पाच मिनिटं उभं करा.

पुढं हुतात्मा चौक आणि काळा घोडा. तिथं एल्फिन्स्टन महाविद्यालय, बाबासाहेबांनी बी.ए. केलं ते. जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. गांधार आणि मीरपूरखासच्या बुद्धमूर्ती तिथं आहेत. तिकीट लागतं, पण आत बसायला बाकं आहेत, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे. म्हणून भर दुपारी आत जा. ऊन उतरलं की गेट वेपर्यंतचं उरलेलं अंतर थोडंच आहे.

चौथी वाट: मरीन ड्राइव्ह

गुडघ्यांना सगळ्यात सोपी वाट ही. चर्चगेट स्थानकातून समुद्र पाच-सात मिनिटांवर. तिथून गिरगाव चौपाटीपर्यंत रुंद, सपाट पदपथ आहे आणि कडेनं सलग कठडा, म्हणजे कुठंही बसता येतं. याच वाटेच्या आतल्या बाजूनं लोकलची लाइन जाते: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड. म्हणजे थकवा आला तर वाट सोडून स्थानक गाठता येतं. रस्ता ओलांडताना मात्र सिग्नलवर किंवा भुयारी मार्गानंच जा. पश्चिमेला तोंड असल्यानं मावळतीला सगळ्यांनी कठड्यावर बसून सूर्य बुडताना बघावा.

साखर असलेल्यांनी एवढं पाळाच

साखरेच्या आजारात पायाची जाणीव कमी होते. तापलेल्या वाळूत पाय भाजला किंवा शिंपला घुसला तरी कळत नाही आणि ती जखम पुढं चिघळते. म्हणून वाळूत अनवाणी चालायचं नाही. चप्पल घालूनच पाणी बघायचं. रात्री गाडीत बसल्यावर दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात बघा. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा.

जास्त चालणं आणि उशिरा जेवण यानं साखर अचानक उतरते. इन्सुलिन टोचलं आणि जेवण लांबलं तर हमखास. घाम, थरथर, भूक, डोळ्यांपुढं अंधारी, बोलणं गोंधळणं ही लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, बरं वाटल्यावर जेवायला घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

कुणाला उष्म्याचा त्रास झाला तर सावलीत झोपवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, ओआरएस द्या. एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी-पाव नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय तर वेळ घालवू नका, १०८.

दिवस गेलेल्या बाईनं सपाट रस्त्यावर सावकाश चालायला एरवी हरकत नसते, पण निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव, पोटात कळा, डोळ्यांपुढं चमकणं किंवा अंगावर सूज असेल तर प्रवास नको.

बायका पाणी का पीत नाहीत

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. बाहेर पडलेल्या आपल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. कारण साधं आहे: लघवीला जायचं कुठं? मग डोकं दुखतं, चक्कर येते आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. हा दोष बाईचा नाही, सोय नसण्याचा आहे. पण त्या दिवसापुरती सोय घरानं मिळून करायची. कुठल्याही वाटेला निघण्याआधी पहिला प्रश्न हा, की पुढचं स्वच्छतागृह कुठं? स्थानकावर, वस्तुसंग्रहालयात किंवा सुलभ शौचालयात, दर दोन तासांनी सगळ्या बायकांनी जाऊन यायचं, घाई असो नसो. सुटे पैसे बाईच्याच हातात असावेत, मागावे लागू नयेत. पुरुषांनी तेवढा वेळ पिशव्या आणि लेकरं धरून उभं राहावं. पाळी असेल तर जास्तीचे पॅड किंवा स्वच्छ कापड, कागदी पिशवी आणि साबणाची वडी जवळ ठेवा.

समुद्राशी वागण्याची रीत

आपण नदी-विहिरीची माणसं. समुद्राचं पाणी थांबत नाही. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर असतं. ओहोटीत मोकळी दिसलेली वाळू भरतीत पाण्याखाली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. लेकरांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका आणि हात सोडू नका. काठावरच्या खडकांवर आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढू नका, ते शेवाळानं निसरडे असतात. पावसाळ्यात तर पाण्यापासून लांबच राहा. त्या दिवसांत दंश करणारे निळे जेलीफिशही मुंबईच्या किनाऱ्यांवर येतात. मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही.

सकाळीच लेकरांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. खिशात मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा. हरवल्यास गणवेशातल्या पोलिसाजवळ जायचं, हे त्यांना आधीच सांगा. लेकरांसाठी मदतीचा नंबर १०९८ आणि रेल्वेचा १३९.

परत आल्यावर

मुंबई वर्षातून एकदा होईल. पण पंधरा दिवसांत लागलेली चालण्याची सवय सोडू नका. सेलूला समुद्र नाही, तरी शाळेचं मैदान आहे, गावाबाहेरची मोकळी वाट आहे, विहाराचं अंगण आहे. संध्याकाळी एकट्या बाईला बाहेर पडायला संकोच वाटतो. दहा जणी मिळून निघाल्या की कुणी काही म्हणत नाही. अंधार पडण्याआधी परत फिरायचं आणि बॅटरी जवळ ठेवायची.

पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. येत्या पौर्णिमेपासून वंदनेच्या अर्धा तास आधी जमा आणि सगळ्यांनी मिळून चाला, लेकरं पुढं, आजी तिच्या वेगानं. विहारात एक वही ठेवा. त्यात प्रत्येकाचं नाव, रक्तदाब, साखर आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. वस्तीतल्या आशाताईंना किंवा नर्सिंग शिकणाऱ्या आपल्याच एखाद्या मुलीला ही वही सांभाळायला सांगा. सहा महिन्यांनी वही उघडून बघा, कुणाची गोळी सुटली, कुणाचा आकडा उतरला. मग पुढच्या हिवाळ्यात मुंबईला कुणी यायचं हे वेगळं विचारावं लागणार नाही. वहीतली सगळी नावं गाडीत असतील.